न वटलेला चेक: मार्टिन ल्यूथर किंग यांचं १९६३चं भाषण पुन्हा ऐकताना

पाणवठा (धागाकर्ता)

मंडळी, बरेच दिवस मनात घोळत असलेला विषय मांडतोय. मी नाशिक जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. दर वर्षी अकरावीच्या वर्गाला अमेरिकेतल्या काळ्यांच्या नागरी हक्कांचे नेते किंग यांचं वॉशिंग्टनच्या मोर्चातलं २८ ऑगस्ट १९६३चं भाषण ऐकवतो, तेच ‘माझं एक स्वप्न आहे’वालं. ऐकवायच्या आधी फळ्यावर तीन रकाने आखतो. ॲरिस्टॉटलने सांगितलेली मन वळवण्याची तीन साधनं: एथॉस म्हणजे बोलणाऱ्याची पत, पॅथॉस म्हणजे ऐकणाऱ्याच्या भावनेला घातलेला हात, लोगॉस म्हणजे मुद्द्याचा तर्क. मुलं भाषणातली वाक्यं उचलतात आणि रकान्यांत टाकतात. स्वप्नाची सगळी वाक्यं पॅथॉसमध्ये जातात, लिंकनचा उल्लेख एथॉसमध्ये, आणि लोगॉसचा रकाना बहुतेक वेळा रिकामा राहतो. तास संपतो, मी फळा पुसतो.

यंदा तसं झालं नाही. चेकच्या परिच्छेदाशी गाडी अडली.

स्वप्न सगळ्यांना ठाऊक असतं, चेक फारसा कुणाला आठवत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. भाषण सुरू होऊन काही मिनिटंच झालेली असतात. किंग म्हणतात, आम्ही आज देशाच्या राजधानीत एक चेक वटवायला आलो आहोत. हा देश ज्यांनी उभा केला त्यांनी राज्यघटना आणि स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिला, तेव्हा प्रत्येक अमेरिकन माणसाच्या नावे एक वचनचिठ्ठी लिहून दिली. काळ्या नागरिकांच्या बाबतीत देशाने ती पाळली नाही. त्यांच्या हातावर जो चेक ठेवला, तो ‘पुरेशी रक्कम नाही’ असा शेरा घेऊन परत आला. पण न्यायाच्या बँकेचं दिवाळं निघालंय यावर आमचा विश्वास नाही.

हे सांगत होतो तेवढ्यात मधल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘सर, आमच्याकडे आहे तो कागद.’ कोणता कागद, विचारलं. बँकेचा रिटर्न मेमो. वडिलांनी उन्हाळ कांदा एका व्यापाऱ्याला दिला होता, पैशांऐवजी चेक मिळाला, तो वटला नाही. दुसऱ्या दिवशी तिने मेमोची झेरॉक्स आणली. हातभरही नाही असा कागद. कारणांची छापील यादी, आणि ‘अपुरी शिल्लक’च्या समोर निळ्या शाईने केलेली बरोबरची खूण. मी तिला विचारलं, किंगचं ते वाक्य आता कुठल्या रकान्यात टाकशील? ती बराच वेळ फळ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘सर, हा तर हिशोब आहे. पण ऐकताना रडू येतं.’

मी त्या दिवशी फळा पुसला नाही. तेव्हापासून माझं मत असं झालंय की हे भाषण रकान्यांत मावत नाही ते याच परिच्छेदामुळे. चेक हा तर्क आहे: करार कुणी केला, कुणाशी केला, कुठे मोडला, सगळं त्यात आहे. काउंटरवरून रिकाम्या हाताने परत आलेल्या प्रत्येकाच्या पोटात तो खड्डा पाडतो, म्हणून भावनाही आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बोलणाऱ्याची जागा तो बदलून टाकतो. चेक घेऊन आलेला माणूस याचक नसतो, धनको असतो. अडीच लाख लोक तिथे मागायला आले नव्हते, वसुलीला आले होते. चेकवर सही कुणाची, तर समोरचा पक्ष ज्यांच्या तसबिरी भिंतीवर लावतो त्यांची.

म्हणून मला वाटतं, स्वप्नात जी ताकद आहे ती आधी मांडलेल्या हिशोबातून आलेली आहे. नुसतं स्वप्न शिकवलं की त्याचा सुविचार होतो, शाळेच्या भिंतीवर रंगवण्याजोगा. तुम्हाला काय वाटतं?

चाफेकळी

फार छान धागा. मी अनुवादाचं काम करते आणि या भाषणाच्या सुरुवातीच्याच दोन शब्दांशी एकदा झगडले आहे. किंग सरळ ‘शंभर वर्षांपूर्वी’ म्हणत नाहीत. ते वीस-वीसच्या मापाने मोजतात. आपल्याकडे आहे ना तसं मोजणं? माझी आजी अंडी, आंबे, भाकरी सगळं विसांत मोजायची. ‘पाच विसा’ म्हणजे शंभर. शब्दाला शब्द अगदी चपखल बसतो, पण मराठीत ‘पाच विसा’ म्हटलं की बाजाराची टोपली डोळ्यांसमोर येते आणि तिकडे देऊळ उभं राहतं. कारण बायबलमध्ये माणसाचं आयुष्य असंच मोजलंय, तीन विसा आणि दहा. लिंकननेही १८६३ साली गेटिसबर्गच्या भाषणाची सुरुवात ‘चार विसा आणि सात वर्षांपूर्वी’ अशीच केली होती.

आता किंग उभे कुठे आहेत ते बघा. लिंकनच्या त्या प्रचंड पुतळ्याच्या पायाशी. गुलाममुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३पासून लागू झाला, त्याला शंभर वर्षं झाली ते साल. सुरुवातीलाच त्यांनी लिंकनच्या मापाने मोजायला घेतलं. नाव घेतलं नाही, ‘एक थोर अमेरिकन, ज्याच्या सावलीत आपण उभे आहोत’ एवढंच. ही झाली पत. आणि लगेच त्याच शंभरावर घाला: ‘शंभर वर्षांनंतरही’ काळा माणूस मुक्त नाही. एकामागून एक चार वेळा तेच शब्द. ज्या आकड्याने गौरव केला त्याच आकड्याने जाब विचारला.

मी शेवटी ‘शंभर वर्षांपूर्वी’ असंच लिहिलं. अजून रुखरुख आहे.

टाळकरी

पाणवठा सर, तुमचं म्हणणं पटलं, पण मला हे भाषण ऐकताना कीर्तनच आठवतं. घरात तीन पिढ्या टाळ आहे म्हणून असेल. नारदीय कीर्तनात आधी पूर्वरंग असतो, त्यात अभंगावर निरूपण चालतं, दृष्टान्त येतात, बुद्धीचं काम होतं. मग उत्तररंगात आख्यान लागतं आणि सभा हलते. पूर्वरंग कच्चा असेल तर आख्यान नुसती गोष्ट होऊन बसते. तुम्ही चेक आणि स्वप्नाबद्दल जे म्हणताय ते हेच.

एक गोष्ट सांगायची राहिलीय ती मी सांगतो. स्वप्नाचा भाग त्या दिवशीच्या कागदात नव्हता. किंगनी तो आधी इतर ठिकाणी वापरला होता, १९६२ साली नॉर्थ कॅरोलिनात रॉकी माउंटला, आणि दोनच महिने आधी जूनमध्ये डेट्रॉइटला. आदल्या रात्री त्यांचे सहकारी वायट वॉकर यांनी तर बजावलं होतं, स्वप्न नको, ते आता गुळगुळीत झालंय. किंगनी ऐकलं, आणि लिहिलेल्या कागदात ते आलं नाही. चित्रफीत बघा. सुरुवातीला नजर परत परत कागदावर जाते. थोड्या वेळापूर्वीच महालिया जॅक्सन गाऊन गेलेल्या आहेत, त्या जवळच आहेत. त्या ओरडल्या, ‘मार्टिन, त्यांना स्वप्नाबद्दल सांग!’ ही आठवण क्लॅरन्स जोन्स यांनी सांगितली आहे, ज्यांनी मसुद्याचं काम केलं होतं. किंगनी कागद बाजूला सरकवलेला जोन्सनी पाहिला आणि शेजारच्याला म्हणाले, या लोकांना कल्पना नाही, पण आता यांचं चर्च भरणार आहे.

कीर्तनकाराला टाळकऱ्याने ध्रुवपदाची आठवण करून द्यावी, अगदी तसं. तिथून पुढे मान वर राहते आणि आवाज गाण्याच्या अंगाने जातो. काळ्यांच्या चर्चमध्ये प्रवचनकाराला सभा उत्तर देते, ओढते, चढवते. हे भाषण एकट्याचं नाही, ते ऐकणाऱ्यांनी त्याच्याकडून काढून घेतलंय. ॲरिस्टॉटलच्या तीन रकान्यांत सभेला जागा कुठे आहे?

रोखठोक

मला थोडं वेगळं वाटतं आणि ते स्पष्ट लिहितो. भाषण अप्रतिम आहे यात वाद नाही. पण भावनेने जे साधलं त्याची किंमतही मोजावी लागली. चार मुलांबद्दलचं वाक्य घ्या: माझ्या मुलांना त्यांच्या कातडीच्या रंगावरून नव्हे, तर त्यांच्यातल्या शीलावरून जोखलं जाईल. अमेरिकेत पुढे सकारात्मक कृतीच्या, म्हणजे मागे ठेवलेल्यांना शिक्षणात-नोकऱ्यांत झुकतं माप देण्याच्या, धोरणांना विरोध करणाऱ्यांनी हेच वाक्य तोंडावर फेकलं: बघा, किंगच म्हणाले होते की रंग बघू नका! इतकं गोड वाक्य बोललं की ते कुणीही उचलून नेतं.

काळ्यांचे जहाल नेते मॅल्कम एक्स यांनी त्या मोर्चालाच फार्स म्हटलं होतं. तेवीस वर्षांच्या जॉन लुईस या विद्यार्थी नेत्याचं त्याच मंचावरचं भाषण आदल्या दिवसापासून सौम्य करायला लावलं गेलं. मोर्चात मुख्य भाषण एकाही बाईला दिलं नाही, डेझी बेट्स थोडक्यात बोलल्या तेवढंच. हे सगळं झाकलं जातं आणि उरतं ते स्वप्न.

पाणवठा

@रोखठोक, तुमचा मुद्दा मी टाळणार नाही, तो खरा आहे. पण ते वाक्य उचलून नेता आलं ते कशामुळे? हिशोबापासून तोडून नेलं म्हणून. मोर्चाचं पूर्ण नाव ‘नोकऱ्या आणि स्वातंत्र्य’ यांसाठीचा मोर्चा असं होतं, नोकऱ्या आधी. मोर्चाचे संयोजक बेयर्ड रस्टिन यांनी मंचावरून मागण्या वाचून दाखवल्या, त्यात तासाला दोन डॉलर किमान वेतन होतं, बेरोजगारांसाठी सरकारी कामं होती. आणि किंगनी स्वतः पुढच्याच वर्षी आलेल्या पुस्तकात लिहिलं की शतकानुशतकं ज्यांना मागे ठेवलं त्यांच्यासाठी देशाने खास भरपाईचा कार्यक्रम आखला पाहिजे. चेकचा परिच्छेद लिहिणारा माणूस रंग बघू नका म्हणत होता तो थकबाकी चुकती झाल्यावरची गोष्ट म्हणून.

आणखी एक. चेक आणि स्वप्न यांच्यामध्ये जो भाग आहे तो फार थोडे लोक लक्ष देऊन ऐकतात, आणि मला तो सगळ्यात अवघड कसरतीचा वाटतो. किंगसमोर एकाच वेळी दोन सभा होत्या. टीव्हीसमोर बसलेले गोरे, जे म्हणत होते की मागण्या बरोबर आहेत पण जरा दमाने घ्या. त्यांना ते सुनावतात की हळूहळूपणा हे गुंगीचं औषध आहे, ‘हीच ती वेळ’ असं चार वेळा. आणि समोर उन्हात उभे असलेले, ज्यांतले काही थेट तुरुंगाच्या कोठड्यांतून आलेले. मे महिन्यात बर्मिंगहॅममध्ये मुलांवर कुत्रे सोडले होते, पाण्याचे फवारे मारले होते. १२ जूनला मिसिसिपीतले नागरी हक्कांचे कार्यकर्ते मेडगर एव्हर्स यांना घरासमोर गोळी घातली होती. या लोकांना ते सांगतात की तहान भागवायला द्वेषाच्या पेल्याला तोंड लावू नका. एकाला घाई करा म्हणायचं, दुसऱ्याला हात आवरा म्हणायचं, आणि दोघांनाही वाटलं पाहिजे की हा आपलाच माणूस आहे. ‘आम्ही समाधानी होणार नाही’चा घोष मध्ये येतो तो याचसाठी. हिंसा नको म्हणजे गप्प बसणं नव्हे, हे रागावलेल्यांना कळावं म्हणून. तो घोष संपतो कुठे, तर आमोस प्रेषिताच्या वचनावर: न्याय पाण्यासारखा वाहत येईपर्यंत.

मुलांच्या वाक्याबद्दलही एक सांगू? किंगची धाकटी मुलगी त्या दिवशी बरोबर पाच महिन्यांची होती. अडीच लाख लोकांसमोर उभा असलेला नेता त्या वाक्यापुरता बाप होतो. इथे पत कुठे संपते आणि भावना कुठे सुरू होते, मला सांगता येत नाही.

अटलांटाकर

इथे बऱ्याच वर्षांपासून राहतो म्हणून शेवटच्या भागाबद्दल लिहितो. ‘स्वातंत्र्याचा घंटानाद होऊ दे’ म्हणत किंग डोंगरांची नावं घेतात. आधी न्यू हॅम्पशायर, न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, कोलोरॅडो, कॅलिफोर्निया. सगळी उत्तरेची आणि पश्चिमेची. इथवर कुणालाच काही खुपत नाही, ते तर शाळेत म्हणतात त्या देशभक्तिपर गाण्याचंच पुढचं कडवं वाटतं. मग ते म्हणतात, एवढंच नाही. आणि येतं दक्षिणेतल्या जॉर्जियाचं स्टोन माउंटन.

भारतात बसून वाचताना मला ते आणखी एका डोंगराचं नाव वाटलं होतं. इथे आल्यावर पहिल्यांदा वर चढलो. एकसंध ग्रॅनाइटचा उघडाबोडका करडा घुमट आहे, वर जाताना पायाखाली दगडात कोरलेली जुनी नावं लागतात. याच माथ्यावर १९१५ साली क्रॉस पेटवून कू क्लक्स क्लॅन ही गोऱ्या वर्चस्ववाद्यांची हिंसक संघटना पुन्हा उभी केली गेली. कड्यावर गुलामगिरीसाठी लढलेल्या तीन पुढाऱ्यांचं अवाढव्य शिल्प आहे. किंग बोलले तेव्हा ते अर्धवट पडून होतं, पुढे १९७२ साली पुरं झालं. किंग स्वतः अटलांटाचे, त्यांना हा डोंगर घरच्या अंगणासारखा. त्या माथ्यावरून घंटा वाजू दे म्हणणं हे शत्रूच्या गडावर आपलं निशाण लावण्यासारखं आहे. त्यानंतर टेनेसी, आणि मग मिसिसिपीची प्रत्येक टेकडी आणि प्रत्येक वारूळ. उंची उतरत जाते आणि आवाज चढत जातो.

डोंगरांच्या या ओळींचा साचा किंगचा एकट्याचा नव्हे हेही नोंदवतो. आर्चिबाल्ड केरी या धर्मोपदेशकांनी १९५२ साली रिपब्लिकन अधिवेशनात असाच शेवट केला होता. @टाळकरी यांना हे पटेल, परंपरेतलं पद आहे, ज्याच्या गळ्यात बसलं त्याचं झालं.

टाळकरी

@अटलांटाकर, पटलं म्हणजे काय, अंगावर काटा आला. वारूळ म्हटल्यावर तर.

कोरडवाहू

आपल्याशी थेट जोडलेले दोन धागे नोंदवतो.

पहिला: भाषणात एक वाक्य आहे की आपण देहबलाला आत्मबलाने सामोरं जाऊ. हा शब्द बायबलमधला नाही. गांधींच्या ‘हिंद स्वराज’मध्ये, म्हणजे १९०९ साली, सत्याग्रहासोबत ‘आत्मबळ’ हा शब्द येतो, आणि इंग्रजीत त्याचं जे रूप झालं तेच किंग वापरतात. १९५९ साली ते महिनाभर भारतात होते, मुंबईत मणिभवनात मुक्काम केला होता. गुजरातीतून निघालेला शब्द वॉशिंग्टनला पोचला आणि आपण आज त्याचं मराठी करायला बसलोय.

दुसरा: १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. अमेरिकेतल्या काळ्यांची आणि भारतातल्या अस्पृश्यांची स्थिती इतकी सारखी आहे की तिचा अभ्यास गरजेचा आहे, असं त्यात म्हटलं होतं, आणि अमेरिकेतल्या काळ्यांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या. द्यु बॉइस यांचं उत्तरही आलं. तेच द्यु बॉइस २७ ऑगस्ट १९६३ला घानात वारले, मोर्चाच्या आदल्या दिवशी. मोर्चाच्या नेत्यांपैकी एक, रॉय विल्किन्स यांनी मंचावरून ती बातमी दिली.

आणि @पाणवठा, तुमच्या चेकवरून २५ नोव्हेंबर १९४९चं संविधान सभेतलं भाषण आठवणं अटळ आहे. २६ जानेवारी १९५०ला आपण विसंगतीच्या आयुष्यात शिरतो आहोत, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक आयुष्यात विषमता. तोही वचन आणि शिल्लक यांचाच ताळा. फरक असा की बाबासाहेब ताळ्यावरच थांबतात आणि इशारा देतात, ही विसंगती लवकर संपवली नाही तर ज्यांना ती भोगावी लागते ते हा डोलारा उद्ध्वस्त करतील. स्वप्न दाखवत नाहीत. समोर सभागृह होतं, मैदान नव्हतं, हे एक कारण. पण मला वाटतं स्वभावही होता. माझ्यापुरतं सांगायचं तर मला ते न दाखवलेलं स्वप्न जास्त अस्वस्थ करतं.

वक्तृत्ववेडी

मी बारावीत आहे. पुढच्या महिन्यात जिल्हास्तरीय वक्तृत्व स्पर्धा आहे आणि मी हेच भाषण विषय म्हणून घेतलंय. आमच्या मॅडम म्हणतात, शेवट स्वप्नाने कर, टाळ्या मिळतात. हा धागा वाचून गोंधळले. सात मिनिटांत चेक, स्टोन माउंटन, महालिया जॅक्सन सगळं कसं बसवू?

चाफेकळी

सगळं बसवू नकोस गं. एक घे आणि ते जवळून दाखव. मी तुझ्या जागी असते तर फक्त ‘शंभर वर्षांनंतरही’वर बोलले असते.

पाणवठा

@वक्तृत्ववेडी, मॅडमचं चुकत नाही, टाळ्या मिळतील. पण एक करून बघ. आधी ध्वनिमुद्रण बाराव्या मिनिटाच्या अलीकडे थांबव आणि तेवढंच तीनदा ऐक. स्वप्न येण्याआधी त्या माणसाने काय काय जमा केलंय ते कागदावर लिही. त्यानंतर पुढचं ऐक. आणि एक तारीख लक्षात ठेव, १५ सप्टेंबर १९६३. भाषणानंतर अठराव्या दिवशी बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बॉम्ब ठेवला गेला, चार मुली गेल्या. त्यांतल्या तिघींच्या अंत्यविधीला किंगनाच बोलावं लागलं. नागरी हक्कांचा कायदा सही होऊन आला तो २ जुलै १९६४ला, मतदानाच्या हक्कांचा ६ ऑगस्ट १९६५ला. भाषणाने मनं वळली की नाही हे विचारलं तर या तीन तारखा एकत्र सांग, वेगळ्या करू नकोस.

वक्तृत्ववेडी

सर, मनापासून आभार. चेकवरच बोलते. त्या मुलीला विचाराल का, रिटर्न मेमोबद्दल सांगितलं तर चालेल? नाव घेणार नाही.

पाणवठा

विचारलं. चालेल म्हणाली. फक्त ‘कांदा’ म्हण, ‘शेतमाल’ म्हणू नकोस, असा तिचा निरोप आहे.

टाळकरी

सर, त्या पोरीच्या वडिलांचे पैसे मिळाले का शेवटी?

पाणवठा

निम्मे मिळाले, मार्चमध्ये. उरलेल्यासाठी व्यापाऱ्याने दुसरा चेक दिलाय. त्यावर दिवाळीनंतरची तारीख आहे.